विमानात एक वैमानिक की दोन? कॉलेजच्या लॅबमध्ये तपासून पाहण्याची रीत

'सगळं ऑटोपायलटच तर करतो, मग दोन-दोन पायलट कशाला?' हा प्रश्न वादविवाद स्पर्धेत हमखास येतो. एक बाजू संगणकाची महती गाते, दुसरी 'माणूस तो माणूस' म्हणते आणि परीक्षक वक्तृत्वावर गुण देऊन मोकळे होतात. मोजून कुणी बघत नाही. खरं तर यातला बराच भाग मोजता येतो. एक बरा संगणक, एक जॉयस्टिक, १६ विद्यार्थी आणि एक शनिवार-रविवार एवढ्यावर सांगली, मिरज, कराड, सातारा इथलं कुठलंही अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतन हा प्रयोग उभा करू शकतं. त्यातून विमान कंपन्यांचा प्रश्न सुटणार नाही. पण दुसरा वैमानिक नेमकं काय काम करतो आणि तो नसला की काय निसटतं, हे डोळ्यांसमोर येतं.

आधी प्रस्ताव कोणता ते ठरवा

'एकच पायलट' या नावाखाली दोन वेगळे प्रस्ताव फिरतात आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होते. पहिल्या प्रस्तावात विमानात दोन पायलट असतात. टेकऑफ-लँडिंगला दोघे समोर, पण विमान उंचीवर स्थिरावलं की एक जण झोपायला जातो आणि तेवढे तास दुसरा एकटा. आज अशा लांबच्या उड्डाणांवर तीन किंवा चार पायलट नेतात, त्यामुळे कुणी झोपलं तरी समोर दोघे उरतात. एअरबस आणि हाँगकाँगची विमान कंपनी कॅथे पॅसिफिक ए-३५० विमानासाठी या दिशेने काम करत असल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या होत्या. दुसऱ्या प्रस्तावात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पायलट, आणि अडचण आली तर जमिनीवरून मदत.

युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने, म्हणजे ईएएसएने, दोन्हींवर संशोधन करवून घेतलं. २०२५ मध्ये आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की आजच्या कॉकपिटमध्ये हे केलं, तर दोघे असताना जितकी सुरक्षितता असते तितकीच राहील असं पुरेसं दाखवता येत नाही. कारणंही त्यात आहेत: एकटा पायलट अचानक निकामी होणं, थकवा, झोपेतून उठल्यावरची गुंगी, एकमेकांचं काम तपासण्याची सोय जाणं, आणि एकट्याने शौचाला कधी जायचं हा अगदी साधा प्रश्न.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दाही आधीच समजून घ्या. पूर्वी लांब पल्ल्याच्या विमानात रेडिओ ऑपरेटर असे, नॅव्हिगेटर असे, फ्लाइट इंजिनिअर असे. एकेक करून सगळे उतरले. जुन्या बोइंग ७४७ मध्ये तिघे बसत, १९८९ मध्ये सेवेत आलेल्या ७४७-४०० मध्ये दोघे. अमेरिकेत १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कृती दलाने दोघांचा चमू सुरक्षित असल्याचं मान्य केलं. मग दोनाचा एक का नको?

फरक कामाच्या जातीत आहे. नॅव्हिगेटर गेला तेव्हा त्याचं मोजमापाचं काम यंत्राने उचललं. फ्लाइट इंजिनिअर गेला तेव्हा त्याच्या समोरचे काटे संगणक वाचू लागला. दुसऱ्या पायलटचं मुख्य काम पहिल्यावर नजर ठेवणं हे आहे, आणि पहिला पायलट हा माणूस आहे तोवर हे काम संपत नाही. प्रयोगात हेच मोजायचं: चूक किती वेळा पकडली जाते आणि किती सेकंदांत.

सामान

सिम्युलेटर म्हणून फ्लाइटगिअर घ्या. तो फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. विमान सेसना १७२, केएपी-१४० ऑटोपायलटसह. इथे जाणकार हरकत घेईल की सेसना १७२ मुळात एकट्याने उडवायचंच विमान आहे. बरोबर. पण ए-३२० घेतलं तर आठवडाभर विद्यार्थी बटणंच शोधत बसतील आणि मोजाल ते त्यांचं अज्ञान. साधं विमान घ्या, आणि मोठ्या विमानातला कामाचा भार रेडिओ, चेकलिस्ट आणि बिघाड यांनी वाढवा.

बाकीची यादी:
- दोन मॉनिटर: एक पायलटसमोर, एक निरीक्षकाकडे. जमल्यास दुसरा संगणक एटीसीचं, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाचं, काम करणाऱ्यासाठी, शेजारच्या खोलीत.
- मायक्रोफोन असलेले तीन हेडफोन.
- आवाज आणि पडदा टिपायला दोन मोबाइल, ट्रायपॉडवर.
- दोन स्टॉपवॉच. एकच ठेवलं तर ऐन वेळी कुणीतरी रीसेट करतो.
- जाड कागदावर छापलेल्या चेकलिस्ट आणि सापळ्यांची, म्हणजे मुद्दाम पेरलेल्या चुकांची, कार्डं.
- यूपीएस. शनिवारी दुपारी वीज गेली की चालू फेरी बाद धरावी लागते, अर्ध्यातून जोडता येत नाही.

फ्लाइटगिअर भूभाग इंटरनेटवरून उतरवत जातो. म्हणून आदल्या दिवशी पूर्ण मार्ग एकदा उडवून ठेवा, नाहीतर सांगलीच्या वर आल्यावर पडदा अडखळतो आणि विद्यार्थी त्यालाच बिघाड समजतात.

मार्ग

कोल्हापूर–सांगली–कोल्हापूर. उजळाईवाडी विमानतळाच्या ०७ धावपट्टीवरून (म्हणजे साधारण ०७० अंश दिशेने) टेकऑफ, साधारण ०५५ अंश दिशेने सांगली, अंतर सुमारे २० नॉटिकल मैल. ११० नॉट (ताशी नॉटिकल मैल) वेगाने ११ मिनिटं लागतात. पूर्वेकडे जाताना उंची ५,५०० फूट, परत येताना ४,५०० फूट. दृश्य नियमांनी, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत, उडताना पूर्वेकडे विषम हजार अधिक ५०० आणि पश्चिमेकडे सम हजार अधिक ५०० असाच संकेत आहे. कृष्णेचं वळण दिसलं की वळायचं आणि २५ धावपट्टीवर (तीच पट्टी, उलट दिशेने) उतरायचं. चढ-उतार धरून फेरी अर्ध्या तासाची होते. सिम्युलेटरमधली कोल्हापूरची धावपट्टी जुन्या लांबीची असू शकते. सेसनाला त्याने काही अडत नाही.

विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे, हे विद्यार्थ्यांना तीनदा सांगा. उंचीमापक २,५०० दाखवत असताना जमीन ५०० फुटांवरच असते. नवख्यांचे निम्मे घोळ याच वजाबाकीत होतात, आणि ते सरावातच होऊन जाऊ द्या.

हवामान हाताने भरा: वारा शून्य, ढग नाहीत, दाब सापळ्याच्या संचाप्रमाणे.

जोड्या आणि तीन प्रकारच्या फेऱ्या

१६ विद्यार्थ्यांच्या ८ जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक जण विमान हाताळणारा, एक नजर ठेवणारा. कोण ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. दोघांनीही आदल्या आठवड्यात किमान दीड तास सराव केलेला असावा. प्रत्येक जोडी तीन फेऱ्या करते:

'जोडी': दोघेही समोर. 'एकटा': फक्त हाताळणारा. 'हाक': हाताळणारा एकटा उडवतो, दुसरा शेजारच्या अंधाऱ्या खोलीत चटईवर आडवा, कानात बोळे, पहिला बिघाड झाला की त्याला बोलावतात. पहिल्या प्रस्तावाची ही छोटी नक्कल.

अर्ध्या तासाच्या २४ फेऱ्या आणि मधली दहा-दहा मिनिटं धरली की १६ तास होतात, म्हणजे दोन दिवस. क्रम सगळ्यांचा सारखा ठेवू नका. तीन फेऱ्यांचे सहा क्रम होतात. ते वाटून द्या आणि उरलेल्या दोन जोड्यांसाठी त्यातलेच दोन पुन्हा वापरा. सगळ्यांनी 'एकटा' आधी आणि 'जोडी' शेवटी केली, तर निकालात जोडीचा फायदा किती आणि सरावाचा किती हे कधीच कळणार नाही.

'जोडी' फेरीत कामाची वाटणी कागदावर लिहून द्या. हाताळणारा फक्त विमान उडवतो आणि ऑटोपायलटला आज्ञा देतो. रेडिओ, चेकलिस्ट आणि आकड्यांची पडताळणी दुसऱ्याकडे. ऑटोपायलटमध्ये कुठलाही आकडा भरला की भरणारा तो मोठ्याने म्हणतो, दुसरा पडद्यावर बघून दुजोरा देतो. जमिनीपासून ५०० फुटांवर नजर ठेवणारा 'स्थिर' किंवा 'अस्थिर' म्हणतो. वेग ६० ते ७० नॉटच्या बाहेर असेल किंवा धावपट्टी सरळ समोर नसेल तर 'अस्थिर'. तो शब्द आला की वाद न घालता पुन्हा वर जायचं.

या शेवटच्या नियमामागे आपल्याकडचाच एक अपघात आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण गेले. चौकशीत दिसलं की कॅप्टन सुमारे १ तास ४० मिनिटं झोपलेला होता, जागा झाल्यावरही झोपेचा अंमल उतरला नव्हता, आणि उतरताना सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' (उतरू नका, पुन्हा वर चला) म्हटलं तरी त्याने ऐकलं नाही. दुसरा माणूस होता, त्याने चूक पकडलीही, आणि तरी उपयोग झाला नाही. म्हणून नियम आधी आणि जोडी नंतर. वाटणी न करता दोघांना नुसतं शेजारी बसवलं तर तुमच्या लॅबमध्येही आकडे जोडीच्या विरुद्ध जातील.

सापळे

प्रयोगाचा जीव इथे आहे. नुसतं 'कसं उडवलं' बघून काही कळत नाही. शांत हवेत एकटाही छान उडवतो. प्रत्येक फेरीत पाच सापळे ठेवा. प्रकार तेच, आकडे वेगळे, असे तीन संच करा आणि संचही फेऱ्यांमध्ये फिरवा.

पहिला सापळा दाबाचा. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो, म्हणून त्यात त्या वेळचा दाब भरावा लागतो. छापील कार्डावर १०१३ लिहिलेलं, पण एटीसी बोलताना १००३ सांगतो आणि सिम्युलेटरचं हवामानही १००३ चं. बाकी दोन संचांत १०१५ विरुद्ध १००५ आणि १००८ विरुद्ध ९९८ घ्या. दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २८० फूट, आणि चूक धोक्याच्या बाजूला: मापक दाखवतो त्यापेक्षा विमान खाली असतं. विमानातला मापक पाऱ्याच्या इंचांत असेल तर कार्डावर रूपांतर छापा, १०१३ म्हणजे २९.९२ आणि १००३ म्हणजे २९.६२. खऱ्या केएपी-१४० ला हा आकडा उंचीमापकाखेरीज स्वतंत्र भरावा लागतो. एक जागा दुरुस्त करून दुसरी विसरणं ही चूक फार स्वाभाविक आहे, म्हणून दोन्ही जागा दुरुस्त केल्या तरच 'पकडला' म्हणा.

दुसरा सापळा छापील चुकीचा. टेकऑफच्या यादीत फ्युएल सिलेक्टर (इंधन कुठल्या टाकीतून घ्यायचं ती कळ) 'बोथ' ऐवजी 'लेफ्ट' छापा. दुसऱ्या संचात टेकऑफला फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) ३०, तिसऱ्यात लँडिंगआधी मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) 'रिच' ऐवजी 'लीन'. सरावात बरोबर यादी वापरलेली असल्याने चूक ओळखण्याइतकी माहिती सगळ्यांकडे असते. यादी स्वतःच वाचून स्वतःच उत्तर देणारा एकटा पायलट छापलेलं आपोआप खरं मानतो, त्यामुळे या सापळ्यात एकटे जास्त अडकतील असा अंदाज आधी लिहून ठेवायला हरकत नाही.

तिसरा, उलटलेले अंक. एटीसी दिशा सांगतो २३५. पायलटला मिळालेल्या चिठ्ठीवर २५३. इतर संचांत २४० व २०४, २३० व २०३. इथे एटीसीचं काम करणाऱ्याने आवाज बदलता कामा नये. आकड्यावर जराही जोर दिला की सापळा फुकट.

चौथा, यंत्राचा बिघाड. परतीच्या वाटेवर निरीक्षक इक्विपमेंट मेनूतून पिटो (समोरून येणारी हवा घेणारी नळी), स्टॅटिक (बाहेरचा दाब घेणारं छिद्र) किंवा व्हॅक्युम (निर्वातावर यंत्रं फिरवणारा पंप) यांपैकी एक यंत्रणा बंद करतो. त्यासाठी दुसरा माउस जोडून ठेवा आणि मेनू पायलटच्या पडद्यावर क्षणभर दिसणार हे गृहीत धरून तेवढ्या वेळेपुरता पुठ्ठा आडवा धरा. पुठ्ठा पाहून पायलट सावध होतो म्हणून एरवीही, बिघाड न करता, दोन-तीनदा धरा. पिटो बंद झाला की वेगाचा काटा खोटं सांगू लागतो. स्टॅटिक गेला की उंची गोठते. व्हॅक्युम सगळ्यात फसवा: कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान सरळ आहे की कललेलं ते दाखवणारं यंत्र, हळूहळू कलतं आणि त्याच्या मागे जाणारा पायलट सरळ विमान वाकडं करतो.

पाचवा, मध्येच अडवणं. लँडिंगची यादी तिसऱ्या कलमावर आली की एटीसी लांबलचक सूचना देतो आणि ती परत म्हणायला लावतो. नंतर यादी कुठून सुरू होते ते बघा. पाचव्या कलमावरून सुरू झाली तर चौथं गेलं. चौथ्या जागी फ्लॅप ठेवा, म्हणजे लँडिंगवर परिणाम दिसतोच.

शिवाय रेडिओचा भार. वाटेत दर दोन मिनिटांनी एक हाक, उतरताना दर ४० सेकंदांनी एक. एटीसीची पूर्ण संहिता आधी लिहून काढा. मनाने बोललं की एका जोडीला सोपं जातं, दुसरीला अवघड.

निकामी पायलटची चाचणी या पाचांत धरू नका. ती पाच मिनिटांची वेगळी फेरी ठेवा, प्रेक्षकांसमोर. हाताळणाऱ्याला कार्ड द्या: 'बोलू नका, हात सोडा, डोळे उघडे ठेवा.' जोडीतला दुसरा काय करतो ते बघा. विमान कंपन्यांत साधारण शिकवलं जातं की दोन हाकांना योग्य उत्तर आलं नाही तर समोरचा निकामी समजून ताबा घ्यायचा. एकट्याच्या फेरीत कुणीच काही करत नाही. ऑटोपायलट विमान शांतपणे पुढे नेत राहतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. हे नाट्य वाटेल, पण १७ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्रँकफर्टहून सेव्हिलला निघालेल्या लुफ्तान्साच्या ए-३२१ मध्ये असंच झालं. कॅप्टन स्वच्छतागृहात गेला, सहवैमानिक जागीच निकामी झाला आणि सुमारे दहा मिनिटं विमान कुणाच्याही ताब्यात नव्हतं. कॅप्टन आत येऊ शकला म्हणून ते माद्रिदला उतरवता आलं.

'हाक' फेरीत काय बघायचं

बोलावलेला खुर्चीत बसताच निरीक्षक त्याला तीन प्रश्नांचं कार्ड देतो: उंची किती, दिशा कोणती, काय बिघडलंय. तिन्ही उत्तरं बरोबर येईपर्यंतचे सेकंद टिपा. हाताळणारा त्याला माहिती देऊ शकतो, पण हातातलं काम सांभाळून. बहुधा इथेच दोघांचंही बिनसतं: सांगणाऱ्याचं लक्ष उडवण्यावरून जातं आणि ऐकणारा अर्धवट ऐकतो.

तुमच्या आकड्यांशेजारी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाच्या अपघाताचे आकडे ठेवा. १ जून २००९, अटलांटिकवर पिटो नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला. कॅप्टन विश्रांतीला गेला होता. तो दीड मिनिटाच्या सुमारास परतला. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद गेली, २२८ जण गेले. आत तेव्हा एक नव्हे, दोन पायलट होते, हेही सांगा. लपवलं तर समोरचा सांगेल.

खरी झोप मात्र लॅबमध्ये आणू नका. रात्रभर जागवून पहाटे फेरी घ्यायचा मोह होईल, कारण थकव्याचा परिणाम पहाटेच सर्वांत ठळक असतो. ते विद्यार्थी मग दुचाकीवरून घरी जाणार असतात. चटईवर आडवं पडणं पुरे. विमान कंपन्यांच्या संदर्भात नासाने केलेला डुलकीचा अभ्यास इथे कामाचा आहे: ४० मिनिटांच्या विश्रांतीत पायलट सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर अधिक सावध राहिले. म्हणजे विश्रांती वाईट नाही. समोर दुसरा कोण जागा आहे यावर सगळं ठरतं.

मोजणी

मुख्य मोजमाप एकच ठरवा आणि फेऱ्या सुरू होण्याआधी लिहून ठेवा: पाचपैकी किती सापळे ६० सेकंदांत पकडले. बाकी सगळं दुय्यम. फ्लाइटगिअरमध्ये नोंदीची सोय आहे. दर सेकंदाला उंची, वेग, दिशा फाइलमध्ये उतरवा. त्यावरून २०० फुटांपेक्षा आणि १० अंशांपेक्षा जास्त किती सेकंद भरकटले ते काढता येतं. सुटलेल्या रेडिओ हाका हाताने मोजा.

कामाचा ताण नासा-टीएलएक्स या तक्त्याने. १९८८ पासून वापरात असलेला हा तक्ता सहा गोष्टी विचारतो: मानसिक ताण, शारीरिक ताण, वेळेची घाई, कामगिरी, मेहनत, वैताग. खुर्चीतून उठायच्या आधी भरून घ्या. चहा झाल्यावर भरलेला तक्ता निरुपयोगी. आणि कामगिरीची पट्टी उलटी असते, डावीकडे उत्तम आणि उजवीकडे अपयश. मराठीत छापताना ते ठळक लिहा, नाहीतर निम्मे लोक उलट खूण करतात.

निरीक्षकाच्या कागदावर सहा रकाने करा: विमानाचा मार्ग, टक्कर टाळणं, दिशादर्शन, रेडिओ, यंत्रणांवर लक्ष, निर्णय. मोठ्या प्रवासी विमानात कमीत कमी किती माणसं हवीत हे ठरवताना अमेरिकेच्या नियमांत हीच सहा कामं धरतात. दोन पायलट बंधनकारक असतील तिथे एक जण निकामी झाला तर काय, हेही त्याच यादीत तपासावं लागतं. प्रत्येक सुटलेली गोष्ट योग्य रकान्यात टाका. एकट्याच्या फेरीत कुठला रकाना आधी भरू लागतो ते बघणं निकालाइतकंच बोलकं आहे. बरेचदा तो रेडिओचा असतो, कारण हात भरले की माणूस आधी उत्तर देणं सोडतो.

काय फसतं

निरीक्षकाचा चेहरा. चूक झाली की तो खुर्चीत सावरून बसतो आणि पायलटला कळतं. त्याला मागे बसवा.

व्हिडिओ गेम खेळणारे. एखादा इतका सराईत असतो की एकटाच पाचही पकडतो. त्याला वगळू नका. तोच हाताळणारा तिन्ही प्रकारांत असल्याने तुलना त्याची त्याच्याशीच होते.

चहाच्या टपरीवरची गळती. शनिवारच्या जोड्या रविवारच्यांना सापळे सांगतात. थांबवणं अवघड आहे, म्हणून दोन्ही दिवशी तिन्ही संच वापरा आणि नंतर दिवसांनुसार निकाल वेगळे काढून बघा.

दोघेही एकाच काट्याकडे बघत बसणं. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेच्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानात पुढच्या चाकाच्या दिव्यात सगळे गुंतले आणि विमान हळूहळू खाली उतरतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. १०१ जण गेले. तुमच्या चौथ्या सापळ्यात हे पुन्हा घडताना दिसेल. तेव्हा मध्ये बोलू नका, नोंद करा.

मांडताना

सरळ उडण्याच्या टप्प्यात 'एकटा' आणि 'जोडी' यांत फरक न दिसण्याची शक्यता बरीच आहे. तो निकाल लपवू नका, पहिल्या पानावर लिहा. पहिल्या प्रस्तावाचे समर्थक हेच तर म्हणतात. मग चौथ्या आणि पाचव्या सापळ्यांचे आकडे त्याशेजारी ठेवा. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कला पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेली तेव्हा हडसन नदीत उतरेपर्यंत २०८ सेकंद होते. एक जण विमान सांभाळत होता, दुसरा इंजिन सुरू करायची यादी वाचत होता, आणि तरी यादीचं पहिलं पानही पुरं झालं नाही.

स्वयंचलित लँडिंगचाही योग्य मान राखा. गार्मिन कंपनीची यंत्रणा २०२० पासून छोट्या विमानांत मंजूर आहे. पायलट निकामी झाला तर बटण दाबताच ती विमान जवळच्या योग्य धावपट्टीवर उतरवते. निकामी पायलटच्या प्रश्नाला हे खरंखुरं उत्तर आहे. चुकीच्या आकड्याच्या प्रश्नाला नाही, कारण तिथे पायलट जागा असतो आणि बटण कुणीच दाबत नाही. जमिनीवरून मदतीचं म्हणाल, तर दुवा तुटणं, उत्तर उशिरा पोचणं आणि बाहेरच्याने घुसखोरी करणं हे तीन प्रश्न विचारा.

प्रेक्षकांतून एक प्रश्न नक्की येईल: सातारा–स्वारगेट विनावाहक एसटी धावते, मग विमान विनासहवैमानिक का नको? उत्तर छोटं ठेवा. कंडक्टरच्या हाती स्टिअरिंग कधीच नव्हतं, आणि ड्रायव्हरला बरं वाटेनासं झालं तर गाडी खंबाटकीच्या अलीकडे कडेला लागते.

आकडे टक्क्यांत लिहू नका. आठ जोड्यांत '८७.५ टक्के' म्हणजे सात जोड्या, तसंच लिहा. साधी चिन्ह-चाचणी (कोण किती जोड्यांत सरस एवढंच मोजणारी) लावली तर आठपैकी आठही जोड्यांत दोघे सरस ठरले तरच निकाल योगायोगाने येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आत येते. सात असतील तर ती सुमारे ७ टक्के, म्हणजे नेहमीच्या ५ टक्क्यांच्या रेषेबाहेर. बरोबरीत सुटलेल्या जोड्या या मोजणीतून वगळायच्या असतात. वगळून सहाच उरल्या आणि सहाही एका बाजूच्या असल्या, तर शक्यता सुमारे ३ टक्के येते.

सहभागी विद्यार्थ्यांची नावं फाइलमधून काढून जोड्यांना क्रमांक द्या. ध्वनिमुद्रण सहा महिने ठेवा. दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला तर त्यांना एटीसीची संहिता आणि सापळ्यांची कार्डं अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडतात. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नव्या नियमांचे मसुदे संकेतस्थळावर टाकून हरकती मागवतं. चालक दलाच्या संख्येबद्दल असा मसुदा आलाच, तर आकड्यांचं एक पान जोडा आणि प्रत्येक हरकतीसमोर मसुद्यातल्या कलमाचा क्रमांक लिहा.